एकतीस मिलिसेकंद

"बाई, हे खोटं बोलतंय!"

शाल्मली मगदूम इतक्या जोरात ओरडली की दुरुस्तीच्या वर्गातल्या पस्तीस माना एकदम वळल्या. कुणाचा सोल्डरिंगचा टाका चुकला, कुणाच्या हातून मिक्सरचं झाकण सुटलं आणि घरंगळत थेट फळ्याखाली जाऊन पडलं.

शिरगुप्पे बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "कोण खोटं बोलतंय गं?"

"बटण! मी एकदाच दाबलं. हे म्हणतंय, दोनदा."

"तुझं बोट चुकलं असेल."

"माझं बोट चुकत नाही, बाई."

वर्ग हसला. बाईही हसल्या. मागच्या वर्षीपर्यंत हीच पोरगी हजेरीला "उपस्थित" म्हणताना कानापर्यंत लाल व्हायची. दहावीला दुरुस्ती हा विषय आला, भंगारातून एक बिघडलेली वस्तू उचलायची आणि ती शंभर मार्कांसाठी नीट करायची असं ठरलं, आणि पोरीला जणू पंख फुटले. बाकीच्यांनी पंखे आणि इस्त्र्या घेतल्या. हिनं दवाखान्याच्या भंगारातून उचलून आणली चक्क एक संमती-कळ.

ही कळ आली तेव्हा शाल्मली बालवाडीत होती. आवाज, चेहरा, सही, व्हिडिओ, सगळं यंत्रांना हुबेहूब करता यायला लागलं होतं. कुणाचे तरी गेलेले आजोबा व्हिडिओवर येऊन हसतमुखानं जमीन विकून जायचे. कुणाची तरी नवरी लग्नाला आपल्याच आवाजात होकार द्यायची आणि खरी नवरी त्या वेळी पुण्यात परीक्षेला बसलेली असायची. कोर्टं थकली. शेवटी मोठमोठ्या डोक्यांनी एकत्र बसून जो उपाय काढला तो आजीच्या काळातला होता: स्प्रिंगवरचं एक साधं बटण. खाली बोट आणि नाडी ओळखणारी काच, वर बटण. एकदा दाबलं की 'नाही'. दोन सेकंदांत दोनदा दाबलं की 'होय'. होकाराला जास्त कष्ट पडावेत, म्हणजे चुकून कुणी हो म्हणणार नाही, असा त्यामागचा विचार. पडदा नाही, कारण पडद्यावर काहीही दाखवता येतं. दाबायचं आणि बाहेर यायचं. लग्न, खरेदीखत, ऑपरेशन, सगळीकडे तीच.

"बरं, खोटं बोलतंय तर पकड की त्याला," बाई म्हणाल्या. "नुसतं ओरडून मार्क मिळत नाहीत."

शाल्मलीनं पकडलं. आठ दिवस लागले, पण पकडलं.

दोष बटणात होता आणि बटणात नव्हताही. कळीच्या आतला प्रोसेसर सतत दहा कामांत गुंतलेला असतो: नाडी मोजतोय, घड्याळ बघतोय, नोंदी पाठवतोय. बटण दाबलं की त्याला विजेची एक हाक जाते, अहो, इकडे बघा! त्या हाकेला म्हणतात इंटरप्ट. हातातलं काम टाकून तो धावतो. पण हाक खरी का खोटी हे ठरवायला दारावर एक राखणदार बसवलेला असतो, तो म्हणजे ड्रायव्हर, चार पानांचा एक छोटासा प्रोग्राम. आता गंमत अशी की, फरशीवर ताट पडलं की ते एकदाच वाजत नाही. खण, खणखण, खणखणखण करत थांबतं. बटणाच्या आतली धातूची पट्टीही तशीच. माणूस दाबतो एकदा, पट्टी आपटते चार-पाचदा, आणि प्रत्येक आपटीची हाक आत जाते. म्हणून ड्रायव्हरनं पहिली हाक ऐकली की थोडा वेळ कान बंद ठेवायचे असतात. ही झाली थांबा-वेळ.

शाल्मलीच्या कळीत थांबा-वेळ होती दहा मिलिसेकंद. सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले दहा. नव्या पट्टीला हे भरपूर. पण ही कळ दवाखान्यातली, वर्षानुवर्षं सॅनिटायझरच्या ओल्या बोटांनी दाबलेली. पट्टी खरबरीत झालेली, स्प्रिंग मेलेली. ती चांगली चाळीस मिलिसेकंद खणखणत राहायची. राखणदारानं दहाव्याला कान उघडले की चौतिसाव्याला आलेली आपटी त्याला वाटायची दुसरा दाब.

"म्हणजे बाई, 'नाही' दाबलं तरी नोंद 'होय' होणार!" शाल्मली फळ्यासमोर उभी राहून सांगत होती. "मग ही थांबा-वेळ किती पाहिजे? फार ठेवली तर पटकन दोनदा दाबणाऱ्याचा दुसरा दाब गिळला जाईल. म्हणून आधी माणूस किती पटकन दाबतो ते मोजायचं. चला, सगळ्यांनी या!"

वर्गात जत्राच भरली. शाल्मलीचे चौऱ्याण्णव आले. बाईंचे एकशे चाळीस.

"बाई, तुमचं हो म्हणून होईस्तोवर मुहूर्त टळायचा," हर्षद खोत मागून म्हणाला.

"तू ये पुढं, शहाण्या."

हर्षद हलगी वाजवायचा. त्यानं मनगट झटकलं, बोटं मोडली, देवाला नमस्कार केला आणि दाबलं. अडुसष्ट! पुन्हा. एकाहत्तर. साठाच्या खाली काही कुणी जाईना.

"ठरलं!" शाल्मलीनं फळ्यावर मोठ्ठा आकडा काढला. "पन्नास. पट्टीला पुरे, माणसाला जास्त नाही."

तिनं ड्रायव्हरमध्ये दहाचे पन्नास केले, कळ शंभर वेळा दाबली, शंभर वेळा बरोबर उत्तर आलं. बाईंनी पाठीवर थाप मारली. "आता एक काम कर. या ड्रायव्हरचा सगळा इतिहास कायद्यानं उघडा असतो. तुझा डबा भंगारातला, म्हणजे जुना. पुढं कुणी हा दोष काढलाय का बघ. काढला असेल तर त्याचं नाव अहवालात लिहायचं. दुसऱ्याचं श्रेय खायचं नाही."

दुपारी घरी येऊन शाल्मलीनं इतिहास उघडला, आणि सहा वर्षांपूर्वीच्या दोन ओळी समोर आल्या.

जानेवारी. थांबा-वेळ १५० वरून १०. दोनदा दाबूनही एकच दाब लागतो अशा तक्रारी होत्या. तक्रारी बंद. बा. म.

डिसेंबर. थांबा-वेळ १० वरून ५०. किरकोळ सुधारणा. बा. म.

आधी तिचा चेहरा पडला. कुणीतरी आधीच काढलं होतं, आणि आकडासुद्धा तोच, पन्नास! मग अक्षरं नीट वाचली आणि ती खुर्चीवरून उडालीच. बा. म. म्हणजे बाहुबली मगदूम. पप्पा! उद्यमनगरातल्या ज्या कारखान्यात या कळा बनतात तिथं पप्पा ड्रायव्हर लिहितात हे तिला माहीतच होतं. पण हा ड्रायव्हर, हीच ओळ!

"आई! माझ्या रक्तातच आहे गं हे!" ती ओरडत स्वयंपाकघरात गेली. आई नव्हती. जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दिवस होते, आई उपवास धरून बस्तीत, म्हणजे मंदिरात, दर्शनाला गेलेली. रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून शाल्मली एकटीच हसली, आणि हसता हसता महिने तिच्या डोक्यात वाजले. जानेवारी ते डिसेंबर. सहा वर्षांपूर्वी.

आजी त्या वर्षी मार्चमध्ये गेली.

शाल्मली तेव्हा नऊ वर्षांची होती, पण विसरण्यासारखं नव्हतंच काही. आजीला झटका आला. एकोणीस दिवस नळीवर होती. डॉक्टर म्हणाले, उपयोग नाही, पण ठरवायचं तुम्ही. कायदा असा की दोन्ही मुलांनी एकेकट्यानं बंद खोलीत जाऊन कळ दाबायची. दोन्ही 'होय' असतील तरच नळी निघणार. एक जरी 'नाही' असलं तरी आजी आहे तशी राहणार. भावंडांत भांडणं नकोत म्हणून कुणी काय दाबलं ते सगळं उरकल्यावरच सांगायचे.

नातेवाईक म्हणत होते, जाऊ दे तिला शांतपणे, अन्नपाणी सोडून घेतात ते समाधीचं व्रत म्हणा. त्रिशला आत्या एकटी उभी राहिली होती. "व्रत ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. आईनं घेतलं नव्हतं. तिच्या वतीनं घेणारे आपण कोण?"

नळी निघाली. आजी गेली. मग चिठ्ठ्या हातात आल्या: मुलगा, होय. मुलगी, होय. "मी एकदाच दाबलंय!" आत्या दवाखान्याच्या बोळात किंचाळली होती. "एकदाच! बाहू, तू काहीतरी केलंयस. तू बनवतोस ना असली बटणं?" पप्पा खाली बघत उभे होते.

पण बोट तिचं होतं, नाडी तिची होती, दाब दोन होते. लोक काय म्हणणार? एवढ्या तावातावानं बोलली आणि आत जाऊन होय दाबून आली. कुणीतरी मानसतज्ज्ञ बाई सुचवल्या. त्या म्हणाल्या, असं होतं, मनाच्या तळाशी असतं ते हातातून येतं. हळूहळू आत्यालाही ते पटलं. तेव्हापासून ती उजव्या हाताची तर्जनी कशालाच लावायची नाही. लिफ्ट असो, मोबाइल असो, गॅसचा लायटर असो, सगळं डाव्या हातानं. शाल्मलीला ते गमतीचं वाटायचं. तिनं एकदा वर्गात नक्कलसुद्धा केली होती.

आता तिनं पळत जाऊन कपाट उघडलं. पप्पांनी 'आई' असं लिहिलेली, आजीच्या कागदांची फाइल खालच्या कप्प्यात होती. आत चिठ्ठी. नाव, त्रिशला. पहिला दाब, चार वाजून चार मिनिटं बावीस सेकंद आणि वर तीनशे दहा. दुसरा दाब, तेच, आणि वर तीनशे एकेचाळीस.

एकतीस मिलिसेकंद.

हलगी वाजवणाऱ्या पोराचे अडुसष्ट होते.

चिठ्ठीवर पेन्सिलीनं, अगदी फिकट, कुणीतरी वजाबाकी करून ठेवलेली होती. एकतिसाखाली दोन रेघा होत्या. दोन रेघा मारायची सवय पप्पांची.

पप्पा नेहमीप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायला घरी आले. शाल्मलीनं ताट वाढलं. आमटी वाढली. समोर बसली.

"काय गं, आज गप्प? मार्क कमी पडले व्हय?"

"पप्पा, माणूस एकतीस मिलिसेकंदांत दोनदा बटण दाबू शकतो?"

घास हातातच राहिला. 'कुठलं बटण' किंवा 'असं का विचारतीस' असलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

"नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"डिसेंबरात. वारसाचे कागद करताना ती चिठ्ठी समोर आली." त्यांनी घास ताटात ठेवला. "शमू, चाचणीच्या टेबलावरची कळ नवी असायची गं. कारखाना आहे आमचा, जुनी कुठली मिळणार तिथं? शंभर नव्या कळा तपासल्या मी. चारच्या वर एक नाही गेली. दहा म्हणजे दुपटीनं ठेवलं होतं. जुनी एखादी दवाखान्यातून आणून बघावी असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही."

"हे जानेवारीचं झालं. मी डिसेंबरचं विचारतोय." मगदुमांच्या घरातल्या बायका कोल्हापुरी रीतीनं अशाच बोलायच्या, मी आलो, मी जातो. एरवी गोड वाटायचं. आज तिच्या आवाजात धार होती. "किरकोळ सुधारणा लिहिलंय तुम्ही. किरकोळ?"

"मग काय लिहू? अकरा महिने महाराष्ट्रभर जुन्या कळांवर नाहीचं होय होत होतं? कुणाचं लग्न, कुणाची जमीन... सगळं उकरायचं? कारखान्यात दोनशे माणसं आहेत. आणि सगळ्या कळा कुठं जुन्या होत्या?"

"मी आत्याचं विचारतोय, पप्पा."

पप्पांनी ताट थोडं बाजूला सारलं.

"तोवर ती शांत झाली होती," पप्पा म्हणाले. "स्वतःच म्हणायला लागली होती, माझंच बोट. म्हटलं, आता परत कशाला..."

"शांत? ती दर वर्षी तुमची माफी मागायला येते!"

"माहीत आहे मला."

"मग?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "तू विचारतीसच म्हणून सांगतो. होय मी दाबलं होतं. मनापासून दाबलं होतं. पण ती गेल्यावर... एकट्यानं दाबलं असतं तर मला जगता आलं नसतं गं. तिचंही होय आहे, दोघांचं आहे, असं म्हटलं की जेवण जायचं मला. मग कळलं, तिचं नव्हतंच. म्हणजे माझं एकट्याचं. ते मी नाही घेऊ शकलो."

शाल्मलीला वाटलं होतं, पप्पा रागावतील, ओरडतील, निदान खोटं तरी बोलतील. त्याच्याशी भांडायची तिनं तयारी केली होती. याच्याशी कसं भांडायचं ते तिला माहीत नव्हतं. म्हणून तिनं पाठ केलेलं वाक्य तसंच म्हटलं.

"चार दिवसांवर क्षमावाणी आहे. आत्या येईल. तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगतो."

क्षमावाणी म्हणजे पर्व संपल्यावरचा दिवस. एकमेकांपुढं हात जोडायचे, वर्षभरात जाणता-अजाणता जे चुकलं त्याची माफी मागायची, "उत्तम क्षमा" म्हणायचं. कारखान्याचा मालक कामगाराला म्हणतो, सासू सुनेला म्हणते, अगदी लहान पोरंही म्हणतात आणि लगेच लाडवांकडे वळतात. आजी गेली त्या वर्षी आत्या आली नव्हती. पुढच्या वर्षीपासून मात्र एकदाही चुकली नाही.

या वर्षीही सकाळच्या एसटीनं जयसिंगपूरहून आली. पिशवीत बुंदीचे लाडू. आई पुढं झाली, पप्पा उठून उभे राहिले. आत्यानं पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले.

"बाहू, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला नाही नाही ते बोललो. माझ्याच बोटानं केलं आणि तुझ्यावर ढकललं. उत्तम क्षमा."

शाल्मली दाराच्या चौकटीला टेकून पप्पांकडे बघत होती. बोला. आत्ता बोला.

पप्पांनी हात जोडले. ओठ हलले. "त्रिशला, मनानं, वाचेनं, कायेनं, जाणता-अजाणता माझ्याकडून तुझं जे काही वाईट झालं असेल... उत्तम क्षमा."

आणि त्यांनी शाल्मलीकडे पाहिलं. बघ, म्हटलं की नाही, अशा नजरेनं. सगळी कबुली त्यांनी त्या ठरलेल्या वाक्यात लपवून टाकली होती, जे वाक्य त्या दिवशी कोल्हापुरातला प्रत्येक जैन माणूस दुसऱ्याला म्हणत होता.

"आत्या," शाल्मली म्हणाली, "तुझं बोट चुकलं नव्हतं."

"शमे, सणादिवशी काय हे..." आई पुढं झाली.

"थांब, आई."

तिनं चिठ्ठी आत्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. पट्टी, ताट, राखणदार, दहा, पन्नास, हर्षदचे अडुसष्ट. फळ्यासमोर सांगितलं होतं तसंच, एकही पायरी न गाळता. सांगताना तिचे डोळे चमकायला लागले होते. कारण हे खरं होतं, सिद्ध होत होतं, आणि शेवटी आत्या रडत रडत तिला मिठीत घेणार होती.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली.

"म्हणजे मी एकदाच दाबलं होतं."

"शंभर टक्के, आत्या!"

"ही पेन्सिल कुणाची?"

आत्यानं भावाकडे पाहिलं. "कधी कळलं तुला?"

"त्याच वर्षी. डिसेंबरात."

"म्हणजे पहिल्यांदा मी आलो, तुझ्या पाया पडलो, तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं."

"तू मला उचललंस. झालं गेलं, त्रिशला, म्हणालास."

"त्रिशला, मी..."

"दुसऱ्या वर्षी पावसात भिजून आलो होतो. वहिनींनी टॉवेल दिला. तेव्हाही होतं." ती मोजत होती. आवाज चढला नाही. "तिसऱ्या वर्षी ताप होता मला. म्हटलं, न गेलो तर बाहूला वाटेल हिला अजून पश्चात्ताप नाही. चौथ्या वर्षी. मागच्या वर्षी. आज धरून सहा माफ्या झाल्या, बाहू. परत दे मला त्या."

पप्पांचे हात अजून जोडलेलेच होते. "कशा देऊ गं?"

"मला काय विचारतोस? दुरुस्त्या तू करतोस."

ती दाराकडे वळली. चपला घातल्या. आई "निदान पाणी तरी" म्हणत मागं गेली. आत्यानं मान हलवली आणि जिना उतरली. पप्पा जागचे हलले नाहीत.

शाल्मली धावत सुटली. कोपऱ्यावरच्या थांब्यावर आत्या उभी होती. चिठ्ठी अजून हातात होती.

"आत्या, मी अर्ज केलाय नोंदणी कार्यालयात. तुझ्या होयचं नाही करा म्हणून. ते म्हणतात नोंद अंतिम असते, पण मी सोडणार नाही. बाई पण सही देणार आहेत."

"आणि बदलली नोंद, की काय होणार?"

"सगळ्यांना कळेल तू खरं बोलत होतीस."

"हं." आत्या रस्त्याकडे बघत होती. उन्हात डोळे बारीक झाले होते. "शमू, सहा वर्षं मला वाटायचं, मनातल्या मनात मीच आईला म्हटलं, जा आता. वाईट होतं ते. पण निरोप दिल्यासारखं तरी होतं. त्याची सवय करून घेतली मी. आता काय उरलं? मी नाही दाबून बाहेर बाकावर येऊन बसलो होतो. वाट बघत. डॉक्टर आले की विचारायचं ठरवलं होतं, घरी कधी नेता येईल. आणि आत ते तिची नळी काढत होते. ती जात होती आणि मी बाकावर बसून मनात घरची खोली आवरत होतो, पलंग खिडकीशी लावावा का म्हणून."

शाल्मलीनं आत्याच्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"माझ्यासारखी अजून किती असतील?" आत्यानं विचारलं.

"नक्की माहीत नाही. अकरा महिन्यांतली... हजारो असतील."

"त्या सगळ्यांना सांगणार तू?"

"सांगायलाच पाहिजे ना, आत्या? खरं आहे ते."

लांबून एसटी येताना दिसली. आत्यानं पदर खांद्यावर घट्ट घेतला.

"सांग. पण आधी विचार त्यांना, ऐकायचंय का म्हणून." ती पहिल्यांदा शाल्मलीकडे नीट वळून बघत होती, आणि त्या बघण्यात मायाही होती, तेच जास्त लागलं. "तुझ्या पप्पानं मला विचारलं नाही, सांगू का म्हणून. आणि तूही नाही विचारलंस."

एसटी थांबली. आत्या चढली. शाल्मली खिडक्यांच्या रांगेकडे बघत उभी राहिली, हात वर करायची तयारी करून.

आत्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.